करार, कायदा आणि तिजोरी : वऱ्हाडाचे सामिलीकरण आणि मोल्दोव्हाची वाट



८ ऑगस्ट १९४७. स्वातंत्र्याला एक आठवडा उरला होता. दिल्लीत सत्तांतराची धावपळ चालू असताना अकोल्यात मराठी मुलखातले काही पुढारी एका मसुद्यावर एकमत करत होते. पश्चिम महाराष्ट्राच्या बाजूने शंकरराव देव होते, वऱ्हाड-नागपूरच्या बाजूने ब्रिजलाल बियाणी, रामराव देशमुख आणि त्यांचे सहकारी. मराठी भाषकांचा एक प्रांत व्हावा, पण त्यात महाविदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत असावेत. प्रत्येकाचे कायदेमंडळ, मंत्रिमंडळ आणि न्यायव्यवस्था वेगळी राहावी, असे त्या मसुद्यात ठरले. इतिहासात तो ‘अकोला करार’ म्हणून नोंदला गेला.

एवढी घाई कशाची होती? कागदोपत्री वऱ्हाड ब्रिटिशांचे नव्हतेच. ते निजामाचे होते आणि ब्रिटिशांकडे कायमच्या पट्ट्याने होते. पट्टेदार निघून गेला तर मुलूख मूळ मालकाकडे परत जाणार, ही भीती अमरावतीच्या वकिलांपासून खामगावच्या कापूस व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांना होती. साम्राज्य आवरते घेतले जात असताना सीमेवरच्या छोट्या मुलखाने कोणाबरोबर जायचे आणि कोणत्या अटींवर जायचे, हा प्रश्न अकोल्यात त्या दिवशी समोर होता.

चव्वेचाळीस वर्षांनी, २७ ऑगस्ट १९९१ रोजी, सोव्हिएत संघ मोडत असताना मोल्दोव्हाने स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा त्या देशापुढे हाच प्रश्न उभा राहिला. रुमानिया आणि युक्रेन यांच्यामधला हा देश आज युरोपीय संघाच्या दारात उभा आहे. त्याची लोकसंख्या सुमारे २४ लाख. २०११ च्या जनगणनेतल्या एकट्या अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या त्याहून जास्त, जवळपास २९ लाख होती. मोल्दोव्हाच्या अडचणी समजून घ्यायला ब्रुसेल्सचे अहवाल आहेतच. पण त्या अडचणी आतून जाणवायच्या असतील, तर वऱ्हाडाचा स्वतःचा अनुभव अधिक जवळचा आहे. त्या अनुभवाचा निष्कर्ष ठाम आहे: सामील होताना दिलेले शब्द कायद्यात उतरले तितकेच टिकले, आणि कायद्यात उतरलेल्यांपैकीही ज्यांच्यामागे मोजमाप आणि पैसा होता, तेच माणसांपर्यंत पोहोचले.

वऱ्हाडाने धनी फार बदलले. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या राज्याचा पाया बुलडाणा जिल्ह्याच्या मातीत घातला गेला. त्यानंतर महसुलात नागपूरकर भोसल्यांचाही वाटा होता. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अडगावजवळ ब्रिटिश सेनापती वेलस्लीने मराठी फौजांचा पराभव केला, पंधरवड्यात गाविलगड पडला आणि देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. १८५३ मध्ये निजामाकडून सैन्याच्या खर्चापोटी ईस्ट इंडिया कंपनीने वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा लिहून घेतला आणि पुढल्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले. १९३६ च्या करारात निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य केले गेले, त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. राज्य एकाचे, कारभार दुसऱ्याचा, भाषा तिसरीच. या साऱ्या उलाढालीत इथल्या शेतकऱ्याला कोणी काही विचारले नाही.

मोल्दोव्हाची कहाणीही अशीच आहे. १८१२ मध्ये रशियन साम्राज्याने बेसाराबिया घेतला, १९१८ मध्ये तो रुमानियात गेला, १९४० मध्ये स्टॅलिनने हिटलरशी केलेल्या गुप्त समझोत्याच्या आधारे तो सोव्हिएत संघात ओढला. १९९२ मध्ये नीस्टर नदीच्या पलीकडची ट्रान्सनीस्ट्रिया ही पट्टी युद्ध करून अलग झाली. तिथे आजही रशियन सैनिक आहेत. म्हणजे युरोपीय संघात जाऊ पाहणाऱ्या या देशाच्या स्वतःच्या भूमीचा एक तुकडा त्याच्या हुकमतीत नाही. वऱ्हाडाची हैदराबादकडून असलेली धास्ती सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने संपली. मोल्दोव्हाच्या नशिबी तसा निकाल अजून आलेला नाही.

मोल्दोव्हाने ३ मार्च २०२२ रोजी, युक्रेनवर रशियाने हल्ला केल्यानंतर आठवडाभरात, युरोपीय संघाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. त्याच जूनमध्ये त्याला उमेदवार देशाचा दर्जा मिळाला आणि जून २०२४ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. १९९३ मध्ये कोपनहेगनला ठरलेल्या निकषांनुसार उमेदवाराला स्थिर लोकशाही, कायद्याचे राज्य, स्पर्धेत टिकणारा बाजार आणि संघाचे सारे कायदे पेलण्याची क्षमता दाखवावी लागते. हे कायदे ३५ प्रकरणांत विभागलेले आहेत. प्रत्येक प्रकरण उघडताना आणि मिटवताना सर्व सदस्य देशांचे एकमत लागते, म्हणजे कोणताही एक देश गाडी अडवू शकतो. नगण्य वाटणारी गोष्टही मोजली जाते: दुधाची तपासणी कोण करतो, न्यायाधीश कोण नेमतो, सरकारी कंत्राट कसे निघते.

वऱ्हाडालाही असे कायद्यांचे ओझे उचलावे लागले, फक्त त्याला कोणी प्रकरणे म्हटले नाही. मध्य प्रांतात मालगुजारी, वऱ्हाडात रयतवारी. त्यामुळे एकाच प्रांतात दोन महसुली पद्धती होत्या. वऱ्हाडात आधी १९२८ ची जमीन महसूल संहिता, मग मध्य प्रदेशाची १९५४ ची, आणि १९६६ मध्ये महाराष्ट्राची. खेड्यापाड्याचा कारभार १९४८ च्या कायद्याने जनपद सभांकडे होता. १९६२ मध्ये त्यांच्या जागी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. गावच्या पटवाऱ्यापासून जिल्ह्याच्या कचेरीपर्यंत सर्वांना एका पिढीत तीन वेळा नवे नियम शिकावे लागले. या बदलात लोकांचे भले झाले नाही असे म्हणता येणार नाही. जिल्हा परिषदेने शाळा आणि रस्ते गावागावांत नेले. पण नवा कायदा समजेपर्यंतचा काळ ज्याच्या घरात वकील नाही त्याला महाग पडतो, हे वऱ्हाडाने पाहिले आहे.

आता मूळ फरकाकडे येऊ. युरोपीय संघात अटी नव्याने येणाऱ्यावर असतात. जुने सदस्य परीक्षक असतात. वऱ्हाडाच्या बाबतीत अटी मोठ्या भावाने, म्हणजे पश्चिम महाराष्ट्राने, पाळायच्या होत्या. त्यांची यादी अकोला करारात ठळक होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारापर्यंत ती पातळ झाली. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, गोपाळराव खेडकर, रा. कृ. पाटील आदींनी मान्य केलेल्या त्या ११ कलमांत उपप्रांत राहिले नाहीत. त्याऐवजी उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूरला, विकासखर्चात, सरकारी नोकऱ्यांत आणि उच्च शिक्षणाच्या जागांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, सरकारने काही काळ नागपूरला मुक्काम हलवणे आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तिथे भरवणे अशी आश्वासने होती. लग्नाच्या याद्या होतात, तशा या याद्या होत्या. पण याद्यांना साक्षीदार असतात. इथे वचन पाळले नाही तर दाद कोणाकडे मागायची, याचे कलमच नव्हते.

सगळ्यांना हे पटले होते असेही नाही. यवतमाळचे बापूजी अणे आणि अकोल्याचे बियाणी पुढे स्वतंत्र विदर्भाच्या बाजूने उभे राहिले. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये आठ मराठी जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. विदर्भाचा महसूल त्याच्या खर्चाला पुरून उरतो आणि मोठ्या राज्यात त्याकडे दुर्लक्ष होईल ही तिथली भीती अनाठायी नाही, असे आयोगाचे मत होते. संसदेने ती शिफारस बाजूला ठेवली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला जेरीस आणले, तर विदर्भ मोठ्या प्रमाणात काँग्रेसमागे राहिला. एकाच भाषेच्या दोन भागांत एकच उत्साह नव्हता, हे मतपेट्यांनीच सांगितले.

वऱ्हाडात या प्रश्नावर थेट कौल कधी घेतला गेला नाही. मोल्दोव्हात घेतला गेला. २० ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाचे ध्येय राज्यघटनेत लिहायचे का, यावर मतदान झाले आणि होकार निघाला जेमतेम ५०.३५ टक्के. देशात राहणाऱ्यांपैकी बहुमत नकाराच्या बाजूने होते. परदेशी काम करणाऱ्या मोल्दोव्हन लोकांच्या मतांनी पारडे झुकले. इतक्या निसटत्या होकारावर उभारलेल्या सामिलीकरणाला पहिल्या महागाईच्या वर्षीच तडा जाऊ शकतो. तरीही मत विचारले गेले, मोजले गेले, आणि सप्टेंबर २०२५ च्या संसदीय निवडणुकीत युरोपवादी पक्षाला पुन्हा बहुमत मिळाले. जॉर्जियात उलटे घडले. २०२३ च्या डिसेंबरमध्ये उमेदवार झालेल्या त्या देशाच्या सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये वाटाघाटी २०२८ पर्यंत थांबवल्याची घोषणा केली आणि लोक आठवडेच्या आठवडे तिब्लिसीच्या रस्त्यावर उतरले.

मग नागपूर करारातले काय टिकले?

खंडपीठ टिकले. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात ते आले आणि १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याच्या ४१ व्या कलमात बुलडाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ या जिल्ह्यांची नावे घालून ते पक्के झाले. वाशीम, अचलपूर किंवा पुसदचा पक्षकार मुंबईला न जाता नागपूरला जातो, तो या एका कलमामुळे. कोणताही मुख्यमंत्री लहरीने हे बदलू शकत नाही.

अधिवेशन अर्धेमुर्धे टिकले. दर हिवाळ्यात नागपूरला सरकार येते, मोर्चे निघतात. पण दिवस आक्रसत गेले. अलीकडे बहुतेक वेळा कामकाज दोन आठवड्यांच्या आत आटोपते. साथीच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, ते मुंबईतच झाले. करारात दिवसांची संख्या नव्हती, म्हणून ती कमी करायला कोणाची परवानगीही लागली नाही.

पैशाचे वचन सर्वांत कमी टिकले. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च हे कलम कोणत्याही कायद्यात गेले नाही. घटनेच्या सातव्या दुरुस्तीने १९५६ मध्ये कलम ३७१ (२) आले आणि विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळे नेमण्याची तरतूद झाली. पण राष्ट्रपतींना तो अधिकार होता, बंधन नव्हते. मंडळे प्रत्यक्षात आली १ मे १९९४ रोजी. अडतीस वर्षे ते कलम घटनेच्या पुस्तकात नुसते पडून राहिले.

या मधल्या काळात विदर्भाचा माणूस सत्तेबाहेर होता असेही नाही. पुसदचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांच्याच काळात, १९६९ मध्ये स्थापन झाले. तरीही १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने जिल्हावार हिशेब मांडला तेव्हा राज्यभरचा अनुशेष ३१८७ कोटींच्या घरात निघाला आणि त्यातला सुमारे ३९ टक्के विदर्भाचा होता. आपला माणूस खुर्चीवर बसला की प्रश्न सुटतो, या समजाला त्या अहवालाने आकड्यांनी उत्तर दिले. कारण सत्तेत बसलेल्या माणसालाही धरणे आधी चालू असलेल्या प्रकल्पांवर, साखरपट्ट्याच्या दबावावर आणि मुंबईच्या गरजांवर तोल सांभाळून बांधावी लागतात. नियम नसेल तिथे वजन चालते.

युरोपीय संघाचे बळ इथे दिसते. ज्या प्रदेशाचे दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आहे, तो कमी विकसित गटात जातो आणि त्याला मोठा निधी मिळतो. हे आकडे एक स्वतंत्र सांख्यिकी कार्यालय दरवर्षी छापते. संघाच्या अंदाजपत्रकाचा जवळपास एक तृतीयांश भाग अशा समतोलासाठी जातो. लिथुआनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया हे सोव्हिएत संघातून सुटलेले तीन देश १ मे २००४ रोजी, योगायोगाने महाराष्ट्र दिनीच, संघात गेले. लिथुआनियाचे दरडोई उत्पन्न तेव्हा संघाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास होते. आज ते तीन चतुर्थांशांच्या बरेच पुढे आहे.

या प्रगतीची किंमतही होती. प्रवेशाची अट म्हणून लिथुआनियाला इग्नालिनाचा अणुवीज प्रकल्प २००९ अखेर कायमचा बंद करावा लागला. सीमा खुल्या झाल्यावर तरुण पोरे डब्लिन आणि लंडनला गेली. लाटव्हियाची लोकसंख्या १९९० मध्ये २६ लाखांहून अधिक होती, आता ती १९ लाखांच्या खाली आली आहे. अकोला किंवा अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेला मुलगा पुण्याची गाडी पकडतो, त्यामागची ओढ हीच आहे. संघ मोठा झाला की बाजार मोठा होतो, आणि माणसे बाजाराच्या केंद्राकडे सरकतात. म्हणून जाणाऱ्यांच्या मागे काय उरेल, याची तरतूद आधीच करावी लागते.

रुळांचे उदाहरण तर दोन्हीकडे सारखेच बोलके आहे. बाल्टिक देशांचे रूळ रशियन मापाचे, १५२० मिलिमीटरचे. ते युरोपच्या १४३५ मिलिमीटरच्या मापाला जोडणारा ‘रेल बाल्टिका’ प्रकल्प सदस्यत्वाला वीस वर्षे उलटली तरी बांधूनच होत आहे. विजेचे जाळे रशियापासून तोडून युरोपला जोडले गेले, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये. वऱ्हाडात मुर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला रेल्वे ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर कापूस वाहण्यासाठी घातली गेली. देश स्वतंत्र झाला, राज्य तीन वेळा बदलले, तरी त्या रुळांची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. रुंदीकरण रखडले आणि शेवटी गाड्या बंद पडल्या. जुन्या मालकाने आपल्या सोयीसाठी घातलेले रूळ नव्या संघात आपोआप रुंद होत नाहीत.

आणखी एक गोष्ट बहुधा सोडून दिली जाते. सामील होणाऱ्या मुलखाच्या पोटातही दुबळे कोपरे असतात. मोल्दोव्हाच्या दक्षिणेला गागाउझिया आहे. तिथल्या तुर्कभाषी लोकांना १९९४ च्या कायद्याने स्वायत्तता मिळाली. २०२४ च्या मतदानात तिथले जवळपास ९५ टक्के लोक नकाराच्या बाजूने गेले. राजधानी किशिनाऊच्या आश्वासनांवर त्यांचा विश्वास नाही. विदर्भातही सारे पारडे नागपूरकडे झुकू शकते. राज्यपालांच्या निर्देशांतून सिंचनाचा भौतिक अनुशेष नेमका ठरला तेव्हा अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलडाणा हे चार जिल्हे समोर आले. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागले तरी ते पिकाला चालत नाही. मेळघाटातल्या कोरकू गावांसाठी अमरावतीही लांब आणि मुंबईही लांब. जिल्ह्याची सरासरी या कोपऱ्यांना झाकून टाकते. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये दिलेल्या अहवालात तालुका हे एकक धरले, ते याच कारणाने महत्त्वाचे.

आज स्थिती अशी आहे. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. पुनर्गठनाचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. अनुशेषाचा पैसा कुठे गेला याचा नवा हिशेब मांडायला वैधानिक आधार असलेली संस्थाच दोन वर्षांहून अधिक काळ नव्हती. दुसरीकडे मोल्दोव्हाच्या सरकारने २०३० पर्यंत सदस्य होण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यांचे अधिकारी रोज ३५ प्रकरणांशी झुंजत आहेत.

मोल्दोव्हाचे वाटाघाटकार वऱ्हाडात आले, तर त्यांना इथली माणसे तीन गोष्टी सांगू शकतील. ट्रान्सनीस्ट्रिया आणि गागाउझियाला काय मिळेल ते प्रवेशाच्या तहातच लिहून घ्या, नंतरच्या सद्भावनेवर सोडू नका. निधीचा नियम आकड्यांत बांधा. आणि जिथे ‘करता येईल’ असे लिहिले असेल तिथे ‘करावेच लागेल’ असे शब्द मिळेपर्यंत सही करू नका, कारण सहीनंतर ताकदीचा तोल बदलतो.

वऱ्हाडातल्या नागरिकांसमोर मात्र मागणीचे काम आहे. सिंचन, रस्ते, आरोग्य आणि रिक्त पदे यांचा तालुकावार तक्ता दरवर्षी नागपूर अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात सभागृहात ठेवला जावा. त्यात तेल्हारा, मुर्तिजापूर, धारणी, चिखलदरा अशी नावे स्वतंत्र ओळीत असावीत. राज्याच्या सरासरीपासून प्रत्येक तालुक्याचे अंतर आणि ते भरून काढायला ठेवलेली रक्कम शेजारी छापलेली असावी. त्यासाठी नवी घटनादुरुस्ती लागत नाही. जिल्हा नियोजन समित्या आणि या चार-पाच जिल्ह्यांतले आमदार यांनी एकत्र बसून हा तक्ता येत्या हिवाळ्यात मागायला सुरुवात करावी.